झाकण कुठं आहे ते आधी शोधा

मागच्या अंकात पावसाळ्याआधीच्या घरकामांबद्दल लिहिताना मी एका ओळीत म्हटलं होतं की सेप्टिक टँक दोन-तीन वर्षांनी उपसून घ्या. त्या एका ओळीवर इतके मेसेज आले की ह्या महिन्याचा सगळा कॉलम त्यालाच देऊन टाकतो. बहुतेक पत्रं नागपूर शहराच्या कडेच्या लेआऊटमधली आहेत, जिथं गडरलाइन, म्हणजे मनपाची सांडपाण्याची लाइन, अजून पोचली नाही किंवा पोचली पण घराला जोडली नाही. आधी पत्र देतो, त्याखाली माझं उत्तर.

आमचं घर बेसा भागात आहे, ११ वर्षं झाली. महालक्ष्म्यांच्या जेवणाला पन्नासेक माणसं होती आणि दुपारी पंगत बसली तसं खालच्या संडासातून पाणी वर यायला लागलं, बाथरूमच्या जाळीतून पण. काय लाज वाटली सांगू. उन्हाळ्यात काही त्रास नसतो, पावसाळ्यातच असं होऊन राहिलं. टँक आजवर उपसला नाही, आणि पार्किंगला टाइल्स लावल्या तेव्हा झाकण खाली दबलं, आता ते नेमकं कुठं आहे तेही कोणाला आठवत नाही. टँक लहान पडतो का?

ताई, लाज वाटून घेऊ नका, महालक्ष्म्यांच्या दिवसात असे फोन मला दरवर्षी येतात. आणि ११ वर्षं न उपसलेल्या टँकबद्दल तो लहान की मोठा हे आत्ता सांगताच येत नाही, कारण त्यात जागाच उरली नसणार.

टँकमध्ये काय होतं ते समजलं की पुढचं सगळं सोपं जातं म्हणून जरा सविस्तर सांगतो. संडासातून जे येतं त्यातलं जड ते खाली बसतं, तो गाळ. हलकं, तेलकट, साबणाचं ते वर तरंगतं आणि त्याची जाड साय धरते. मधे राहतं ते पाणी, आणि तेवढंच पलीकडच्या पाइपातून शोषखड्ड्यात जायला पाहिजे. खालच्या गाळाला हवेशिवाय जगणारे जंतू खात असतात, त्यानं गाळ कमी होतो पण संपत कधीच नाही, उरलेला दरवर्षी थोडा थोडा चढत जातो. चढला की मधल्या पाण्याला जागा उरत नाही, जे पाणी टाकीत निदान एक दिवस शांत थांबायला पाहिजे ते तासा-दोन तासात पुढं ढकललं जातं आणि सोबत गाळ घेऊन शोषखड्ड्यात शिरतं. मग खड्ड्याच्या विटांमधल्या फटी बुजतात, आजूबाजूच्या मातीवर काळा चिकट थर बसतो. म्हणजे टँक उपसायचा राहिला त्याचा खरा मार शोषखड्ड्याला बसतो, आणि टँक अर्ध्या दिवसात रिकामा होतो तसा खड्डा पुन्हा चांगला होत नाही.

आता पावसाळ्यातच का. तुमच्याकडे काळी माती आहे. ती उन्हाळ्यात सुकली की हाताचा पंजा जाईल एवढ्या भेगा पडतात आणि त्या भेगांतून खड्ड्यातलं पाणी निघून जातं, म्हणून मे महिन्यात तुम्हाला वाटतं की सगळं ठीक आहे. पाऊस पडला की तीच माती फुगते, भेगा मिटतात, आणि मग तिच्यातून पाणी झिरपणं जवळजवळ बंद. त्यात पन्नास माणसं आली. पाण्याला जायला दुसरी वाटच नव्हती, ते घरातल्या सगळ्यात खालच्या जाळीतून वर आलं.

पहिलं काम झाकण शोधणं. संडासाच्या मागचं चेंबर उघडा, पाइप कोणत्या दिशेला गेला ते पहा, त्या सरळ रेषेत लोखंडी सळईनं टाइल्सवर हळू ठोकत जा, खाली पोकळ असेल तिथं आवाज बदलतो. टँकमधला गॅस वर सोडणारा उभा पाइप भिंतीला लावलेला असेल तर तो खाली जिथं जमिनीत जातो तिथं पण टँक जवळच असतो. सापडलं की टाइल फोडा, जीव हळहळेल पण फोडा, आणि परत बसवताना हँडलवालं झाकण बसवा म्हणजे पुढच्या वेळी फोडावी लागणार नाही.

गाडी बोलावून टँक उपसला की लगेच पाणी टाकून बंद करू नका, आधी एक गोष्ट पहा: शोषखड्ड्याकडे जाणाऱ्या पाइपातून पाणी उलटं टँकमध्ये येऊन राहिलं का? येत असेल तर खड्डा तुडुंब आहे, आणि नुसता टँक उपसून तुम्हाला चार दिवसांचाच आराम मिळेल. भर पावसात हेच होतं, म्हणून आत्ता उपसा तो अडचण भागवण्यापुरता, आणि नीट काम एप्रिल-मेमध्ये, मृग लागायच्या आधी. तेव्हा शोषखड्डा नवीन घ्यावा लागला तर काळी माती पूर्ण ओलांडून खाली मुरूम लागेपर्यंत खोदा. मुरूम पाणी पितो, काळी माती पीत नाही. मी कितीतरी खड्डे पाहिले जे मुरमाच्या दोन फूट वर थांबवले होते, मजुरी वाचली आणि आयुष्यभराचा ताप मागं लागला.

अजून एक पहा, गच्चीच्या पावसाच्या पाण्याचा पाइप कुठं जोडला आहे. आपल्याकडे सोयीसाठी तो चेंबरमध्ये सोडून देतात, म्हणजे नागपूरचा धो धो पाऊस सरळ तुमच्या टँकमध्ये. तो आजच वेगळा करा. उन्हाळ्यात कूलरचं वाहतं पाणी पण बागेत सोडा. आणि पुढच्या वर्षी जेवणाच्या दिवशी वॉशिंग मशीन लावू नका, भांडी घासायचं पाणी त्या लाइनला जाऊ देऊ नका, खरकट्या भांड्यांचं तेल आधी कागदानं पुसून घ्या.

मानेवाड्यात राहतो. टँक उपसायला जी गाडी बोलावली त्यातला माणूस म्हणाला की गाडीनं वरचं पाणी निघेल पण खालचा घट्ट गाळ निघणार नाही, हजार रुपये जास्त द्या, आमचा पोट्टा आत उतरून फावड्यानं साफ करून देईल. पोट्टा विशीतला होता. मी थांबवलं, शेजारी म्हणाले एवढं काय, पंधरा मिनिटांचं काम आहे. मी बरोबर केलं का?

भाऊ, तुम्ही त्या पोट्ट्याचा जीव वाचवला असेल. ह्यावर मी जरा मोठं लिहिणार आहे, आणि ज्यांचा टँक आत्ता ठीक आहे त्यांनी पण हे वाचावं.

बंद टँकमध्ये गाळ कुजताना गॅस होतो. त्यात मिथेन असतो जो पेट घेतो, आणि हायड्रोजन सल्फाइड असतो जो मारतो. हा दुसरा थोडा असला की सडक्या अंड्यासारखा वास येतो, पण जास्त झाला की नाकाची वास घ्यायची ताकदच मारून टाकतो. म्हणजे आत उतरलेल्या माणसाला वाटतं वास गेला, हवा चांगली झाली, आणि पुढच्या दोन श्वासांत तो पडतो. गाळ फावड्यानं ढवळला की त्यात अडकलेला गॅस एकदम सुटतो, म्हणून झाकण तासभर उघडं ठेवलं होतं ह्याला काही अर्थ नाही. काही जण पेटती मेणबत्ती दोरीनं आत सोडून बघतात. मिथेन असला तर भडका, आणि मेणबत्ती जळत राहिली तरी हायड्रोजन सल्फाइड नाही असं सिद्ध होत नाही. ही पद्धत बंद करा. पेपरात बातमी येते तेव्हा एक नाही, दोन-तीन माणसं गेलेली असतात, कारण पहिला पडला की दुसरा त्याला काढायला उतरतो, बहुतेक वेळा भाऊ किंवा बाप असतो. कोणी आत पडलाच तर तुम्ही उतरू नका, फायर ब्रिगेडला फोन करा, १०१.

कायदा पण स्पष्ट आहे. हाताने मैला साफ करण्यावर बंदीचा २०१३ चा कायदा सांगतो की कोणतीही व्यक्ती, म्हणजे घरमालक सुद्धा, सेप्टिक टँक किंवा गटार साफ करायला माणसाला असं धोक्यात उतरवू शकत नाही, सरळ नाही आणि ठेकेदाराच्या आडून पण नाही. पहिल्या वेळी दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. सुप्रीम कोर्टानं २०१४ मध्ये अशा मृत्यूसाठी कुटुंबाला १० लाख द्यायला सांगितले होते, २०२३ मध्ये ती रक्कम ३० लाख केली. हे आकडे मी धाक दाखवायला देत नाही. हजार रुपयांत जो पोट्टा उतरायला तयार होतो त्याच्या घरी काय परिस्थिती असेल ते आपल्याला माहीत आहे, आणि ही कामं पिढ्यान् पिढ्या कोणाच्या वाट्याला दिली गेली ते पण माहीत आहे. "त्यांना सवय असते" हे वाक्य मी नागपुरातल्या चांगल्या शिकलेल्या घरांतून ऐकलं आहे. ह्या गॅसची सवय कोणालाच होत नाही.

राहिला घट्ट गाळाचा प्रश्न. तो निघतो. गाडीवाल्यानं प्रेशरनं पाणी मारून गाळ ढवळायचा, पातळ करायचा आणि वरूनच नळीनं ओढायचा, गरज पडली तर दोन वेळा. वेळ जास्त लागतो म्हणून टाळतात, तेवढ्या वेळाचे पैसे द्या. तळाशी थोडा गाळ राहिला तर चांगलंच आहे, त्यातल्या जंतूंवर पुढचं काम सुरू होतं, टँक आतून घासून चकचकीत करायची वस्तू नाही. आणि गाळ इतका घट्ट होतोच तो पाच-दहा वर्षं न उपसल्यामुळे. वेळेवर उपसला की माणूस उतरवायची वेळच येत नाही.

गाडी बोलावताना दोन गोष्टी फोनवरच विचारा: कोणी आत उतरणार नाही ना, आणि माल कुठं टाकणार. दुसऱ्या प्रश्नाला बरेच जण गप्प बसतात, कारण रात्री जवळच्या नाल्यात सोडून देतात. तो नाला नाग नदीत जातो, नाग नदी कन्हानला मिळते, कन्हान वैनगंगेला, आणि पुढं गोसीखुर्दचं धरण आहे. आपल्या घरचा टँक साफ झाला आणि भंडाऱ्याकडच्या लोकांच्या पाण्यात गेला, ह्याला साफसफाई म्हणता येणार नाही. प्रक्रिया केंद्रावर नेणाऱ्या गाडीवाल्यालाच काम द्या. नक्की माहीत नसेल तर मनपाकडे विचारा, नाहीतर १४४२० हा सेप्टिक टँक आणि गटार सफाईसाठीचाच हेल्पलाइन नंबर आहे.

हिंगणा रोडवरून विचारतो. बॅक्टेरियाची पावडर मिळते, महिन्यातून एकदा फ्लश केली की टँक कधीच उपसावा लागत नाही असं पाकिटावर लिहिलं आहे. खरं का? आमची आई गूळ आणि शेण टाकायला सांगते.

दोन्ही नको. जंतू तुमच्या संडासातूनच रोज टँकमध्ये जातात, विकत आणायची गरज नाही, आणि कोणतीही पावडर वाळू, राख, केस, प्लास्टिक खाऊ शकत नाही. शेणानं तर गाळ अजून वाढतो. पावडरीचे पैसे जमा करा, उपशाच्या वेळी कामी येतील.

त्यापेक्षा आहेत त्या जंतूंना जगू द्या. आठवड्याला थोडं टॉयलेट क्लीनर चालतं, पण बाटलीच्या बाटली अ‍ॅसिड ओतू नका, फिनाइल पण जपून. सॅनिटरी पॅड, डायपर, वेट वाइप्स, कापसाचे बोळे, सिगरेटची थोटकं, हे काहीच फ्लश करू नका. आणि रविवारी घरी सावजी मटण केलं असेल तर तर्रीचं उरलेलं तेल सिंकमध्ये ओतू नका, ते पाइपात थिजतं आणि टँकमधली साय जाड करतं. किचनचं पाणी टँकला जोडलं असेल तर मधे एक लहान तेल अडवायचं चेंबर बांधून घ्या, दर पंधरवड्याला वरचं तेल काढून टाकायचं.

हुडकेश्वर. संध्याकाळी अंगणात बसवत नाही इतका वास येतो आणि डास तर विचारू नका. संडास फ्लश केला की बाथरूमच्या जाळीत गुडगुड आवाज येतो. टँक गेल्याच वर्षी उपसला.

गुडगुड होते म्हणजे हवेला बाहेर जायला रस्ता नाही. गॅसचा पाइप चोंदला असेल किंवा बसवलाच नसेल, किंवा अर्ध्या भिंतीवर सोडून दिला असेल. टँक घराला लागून असतो तेव्हा हा पाइप गच्चीच्या दोन मीटर वर न्यायचा असतो, म्हणजे गॅस डोक्यावरून निघून जातो. तुमचा बहुतेक कंपाउंडच्या भिंतीएवढा असेल, संध्याकाळी वारा पडला की सगळा वास अंगणातच बसतो.

डासांचं पण तेच दार. टँकच्या घाण पाण्यात क्युलेक्स डास वाढतात आणि ह्या पाइपातून हजारोंनी बाहेर पडतात. पाइपाच्या तोंडावर नायलॉनची बारीक जाळी तारेनं बांधा, दहा मिनिटांचं काम आहे, आणि वर्षातून एकदा पहा कारण उन्हानं ती फाटते. झाकणाच्या कडेच्या फटी सिमेंटनं भरा. पाइप तपासताना जवळ काडी पेटवू नका, बिडी पण नको.

नरसाळ्यात आमच्या बोअरवेलपासून शेजाऱ्याचा शोषखड्डा वीस-बावीस फुटांवर आहे. पाणी दिसायला स्वच्छ आहे, उकळून पितो. चालेल का?

नाही, पिऊ नका. भारतीय मानकाप्रमाणे असा खड्डा पिण्याच्या पाण्यापासून निदान १८ मीटर, म्हणजे साठेक फूट लांब पाहिजे. उकळल्यानं जंतू मरतात ही गोष्ट खरी आहे, पण मैल्यातून पाण्यात नायट्रेट उतरतं ते उकळल्यानं जात नाही, उलट पाणी आटतं तसं दाट होतं. पिण्याच्या पाण्यात नायट्रेट लिटरला ४५ मिलिग्रॅमच्या वर चालत नाही, आणि बाळ सहा महिन्यांच्या आतलं असेल तर वरच्या दुधाला हे पाणी अजिबात वापरू नका, अंग निळं पडण्याचा आजार होतो, जीवावर बेततं. सरकारी प्रयोगशाळेत पाणी तपासून घ्या, नायट्रेट आणि ई-कोलाय (मैल्यातले जंतू) दोन्ही तपासा असं सांगून. तोवर नळाचं किंवा टँकरचं पाणी प्यायला घ्या, बोअरचं धुण्याला.

शेजाऱ्याशी भांडू नका, त्यांच्या बोअरला तुमचा खड्डा तेवढाच जवळ असेल. लहान प्लॉटवर आपण सगळ्यांनी हेच केलं आहे. दोघं मिळून टँकचं बाहेर पडणारं पाणी खड्ड्यात सोडण्याऐवजी तळ पक्का केलेल्या खडीच्या वाफ्यात सोडता येतं, त्यात कर्दळ लावायची. झाडांच्या मुळांनी आणि खडीवरच्या जंतूंनी पाणी बरंच सुधारतं, मग ते दुसऱ्या झाडांना. आपल्या नागपूरच्या नीरी ह्या पर्यावरण संशोधन संस्थेनं ह्याच तत्त्वावर फायटोरिड नावाची पद्धत तयार केली आहे.

जामठ्याला घर बांधून राहिलो. ठेकेदार म्हणतो की सिमेंटच्या रिंगा टाकून खालून उघडी खोल टाकी करू, तीस वर्षं उपसायची गरज नाही.

तीस वर्षं उपसायची गरज नाही म्हणजे तीस वर्षं मैल्याचं पाणी तसंच जमिनीत मुरणार, वरचं नरसाळ्याचं पत्र वाचा. त्याऐवजी टाकी अशी बांधा: तळ पक्का, भिंती आतून प्लास्टर केलेल्या, मधे आडभिंत घालून दोन कप्पे, आत येणाऱ्या आणि बाहेर जाणाऱ्या पाइपाला टी (इंग्रजी T च्या आकाराचा जोड), आणि दोन्ही कप्प्यांवर झाकण. टी लावायला विसरतात आणि मग सायच पाइपात जाते. मापाचं म्हणाल तर भारतीय मानकात दोन वर्षांनी उपसायचं धरून ५ माणसांना आतून दीड मीटर लांब, ७५ सेंटिमीटर रुंद आणि १.०५ मीटर पाणी, १० माणसांना २ मीटर, ९० सेंटिमीटर आणि १.४ मीटर दिलं आहे, वर फूटभर मोकळी जागा वेगळी. बघा किती लहान आहे, ठेकेदार सांगतो त्यापेक्षा. जागा गेटजवळ घ्या जिथं गाडीची नळी पोचेल, आणि वडा-पिंपळाच्या जवळ नको.

सत्तरीचा आहे, निवृत्त शिक्षक, गोधनीकडे घर. गाडीवाला म्हणतो दरवर्षी उपसा, मुलगा म्हणतो पाच वर्षांनी. घरात आम्ही दोघंच. मी स्वतः तपासू शकतो का?

काका, तपासू शकता, पण सोबत कोणाला तरी उभं करा आणि झाकणावर वाकून आत तोंड घालू नका. सात-आठ फुटांची काठी घ्या, खालच्या तीन फुटांना जुना पांढरा टॉवेल गुंडाळून बांधा. झाकण उघडून वारा लागू द्या, मग बाजूला उभं राहून काठी हळूच तळाला टेकवा, दोन मिनिटं धरा, सरळ वर काढा. टॉवेल जिथपर्यंत काळा झाला तेवढा गाळ. साय किती जाड आहे ते काठी आत जाताना हाताला कळतं. दोन्ही मिळून पाण्याच्या खोलीच्या एक तृतीयांश झालं की गाडी बोलवा. साधारण घराला दोन-तीन वर्षं म्हणतात ते ह्यासाठीच, तुम्ही दोघंच आहात तर थोडं पुढं जाईल, पण काठी सांगेल ते खरं, ना गाडीवाल्याचं ना मुलाचं. काठी आणि हात साबणानं धुवा, टॉवेल फेकून द्या. उपसल्याची तारीख झाकणाच्या खालच्या बाजूला ऑइल पेंटनं लिहा आणि कॅलेंडरवर पण.

आमच्या लेआऊटमध्ये आता गडरलाइन आली, जोडणी पण झाली. जुन्या टँकचं काय करायचं? वर कार उभी राहते.

आधी कार हलवा. रिकामा पडलेला टँक वरून ठीक दिसतो पण गॅसनं स्लॅबची सळई आतून गंजलेली असते. घरातली लाइन टँकमधून न जाता सरळ मनपाच्या चेंबरला गेली आहे ना ते पहा, कित्येक ठिकाणी नवीन जोडणी टँकच्या बाहेरच्या पाइपालाच करून ठेवतात आणि टँक तसाच भरत राहतो. मग गाडीनं पूर्ण उपसून घ्या, चुना टाका, वरूनच पहारीनं तळाला दोन-तीन भोकं पाडा म्हणजे पावसाचं पाणी आत साठणार नाही, स्लॅब तोडून घ्या आणि मुरमानं थरावर थर, पाणी मारून दाबून भरा. शोषखड्डा पण तसाच. एक पावसाळा जाऊ द्या, माती बसेल तेवढी वरून अजून भरा, आणि त्यानंतरच त्यावर फरशी घालून कार लावा.